कणगीचा तळ

शिगमा सरत आला की मला कणगीत उतरवलं जायचं. कणगी बांबूच्या कामट्यांची, शेणमातीने लिंपलेली, आजीच्या खांद्याइतकी उंच. मोठ्या माणसाने वाकून हात घातला तरी तळाचं भात हाताला लागत नसे, आणि आत उतरायला त्याला जागा नसे. म्हणून घरातलं धाकटं पोर आत. हातात केरसुणीचा बुंधा आणि एक करवंटी. कडेकडेने राहिलेलं भात गोळा करायचं आणि करवंटीने वर द्यायचं. आत मिट्ट काळोख, नाकात भुस्सा, आणि वरून आजीचा आवाज, "पुता, तळ दिसला?" दिसला म्हटलं की ती गप्प होई. मग मला बखोटीला धरून बाहेर काढी, अंगावरची कुसळं झटकी आणि आईला सांगे, "उद्यापासून पेज पातळ."

मी ३७ वर्षं तलाठी होतो. १९८१ साली लागलो, २०१८ साली सुटलो. दरडोई उत्पन्नाच्या यादीत आमचा गोवा देशात अगदी वर असतो. ३,७०२ चौरस किलोमीटरचं राज्य, २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाखांच्या आसपास माणसं, त्यामुळे भागाकार चांगलाच येतो. पेपरात तो आकडा आला की माझ्या मनात आजीचाच प्रश्न येतो : तळ कुठल्या महिन्यात दिसतो? राज्याचं मला सांगता येणार नाही. आमच्या घरात तो महिना कसा सरकत गेला, कोणी सरकवला आणि कुठे अडला, एवढं मात्र मी बसून सांगू शकतो. त्यातलं बरंचसं पाहिलेलं आहे, काही आजीकडून ऐकलेलं, आणि काही सरकारी कागदांत वाचलेलं.

आमचं गाव डिचोली तालुक्यात, मांडवीच्या काठाला. नार्वे, पिळगाव, आमोणे या पट्ट्यातलं. नदी इथे गोड्या पाण्याची नाही. भरतीबरोबर समुद्राचं पाणी आत येतं आणि ओहोटीला परत जातं. कोणे एके काळी पूर्वजांनी या खाऱ्या चिखलात बांध घातले आणि आत भात पिकवलं. तेच खाजन. चिखल, पेंढा आणि चिरे यांचा बांध, आणि त्यात जागोजागी मानस. पिळगावच्या धक्क्याचं नावच सारमानस. मानस ही लाकडी झडपांची मोरी. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या जोराने झडपा आपोआप मिटतात. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात आणि शेतातलं जादा पाणी नदीत जातं. इंजिन नाही, वीज नाही. पावसाने मातीतला खार धुऊन गेला की कोरगुट पेरायचं. लाल, जाड, खाऱ्या मातीला न भिणारं भात. त्याच्या पेजेची चव दुसऱ्या कशाला नाही, हे मी गाववाला म्हणून सांगतोय असं समजू नका. कोरगुट खाल्लेल्या कुणालाही विचारा.

पण बांध म्हणजे तान्हं मूल. खेकडा भोक पाडतो, त्या भोकातून पाणी झिरपतं, आणि अमावास्येच्या उधाणाला तिथूनच भगदाड पडतं. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की दोन-तीन पावसाळे ती जमीन भात देत नाही. म्हणून बांधावर नजर ठेवायचं काम एकट्यादुकट्याचं नव्हतं. ते गावकरीचं. पोर्तुगीज तिला कोमुनिदाद म्हणत. गावकरीतल्या पुरुषांना वर्षअखेरीला नफ्यातला वाटा मिळे, त्याला झोण म्हणत. आम्हाला झोण नव्हता. आम्ही गावकर नव्हतो. शेतात आम्ही कूळ होतो आणि राहत्या घरात मुंडकार. कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या भाटात खोपटं बांधून राहणारा. आमच्या नशिबी दोन्हीकडे एकच भाटकार, म्हणजे जमीनमालक, होता, त्यामुळे त्याला आमच्यावर रागवायला दोन जागा होत्या.

आमचं घराणं मुळात या काठावरचं नव्हे. पणजोबा पलीकडे रायबंदरच्या बाजूला मिठागरात राबत. १८७८ साली ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला. ब्रिटिशांना आपल्या मिठावरचा कर बुडू द्यायचा नव्हता, म्हणून गोव्याचं मीठ त्यांनी आपल्या ताब्यात घेतलं. बदल्यात पोर्तुगीजांना वर्षाला ४ लाख रुपये. त्याच कराराच्या आधारावर मुरगावचं बंदर आणि आगगाडी आली, आणि शाळेच्या पुस्तकांत करार आला तो त्या आगगाडीपुरता. मिठागरांचं काय झालं ते आजी सांगायची. तिच्या सासऱ्याच्या आगराला कुलूप लागलं. मीठ पिकवलं तर गुन्हा, आणि विकत घ्यावं तर महाग. १८९२ साली करार संपला तोवर माणसं पांगली होती. कुणी मुंबईला गेलं, कुणी जहाजावर. पणजोबांनी नदी ओलांडली आणि एका भाटकाराकडे राहायला जागा मागितली. मुंडकार असे होतात. जागा फुकट मिळते. मग माडांची राखण, पाडपाच्या दिवशी नारळ गोळा करणं, लग्नकार्यात लाकडं फोडणं आणि बोलावलं की उठून जाणं, एवढं त्या फुकटात बसतं.

खळ्यावरचा हिशेब असा. चांगल्या साली बारा खंडी भात व्हायचं. खंडी म्हणजे २० कुडव. भाटकाराचा माणूस कुडव घेऊन बसे. एक इकडे, एक तिकडे. सहा खंडी त्यांच्या होडीत आणि सहा आमच्या अंगणात. त्या सहातून बियाणं बाजूला काढायचं. मग पावसाळ्यात उसनं आणलेलं भात दिढीने फेडायचं, म्हणजे एकाला दीड. उरेल ते कणगीत. घरात सात तोंडं. दिवाळीला भरलेली कणगी शिगम्यापर्यंत पुरली तर ते साल चांगलं.

शिगम्यानंतर काय, याचं उत्तर पुस्तकात सापडणार नाही, कारण ते बायकांनी दिलेलं आहे. नीरफणस, कच्चा फणस, माडाखालचे पडके नारळ. ओहोटीला नदीच्या चिखलातून खुबे आणि तिसऱ्या. मानशीपाशी रात्री जाळं लावलं तर सुंगटं, म्हणजे कोळंबी, पण मानशीची मासळी लिलावात दुसऱ्याने घेतलेली असे, त्यामुळे आमची सुंगटं चोरीची. आजी हे अभिमानाने सांगायची. ज्यांच्याकडे पैसे असत ते मे महिन्यात पुरुमेंत भरत : सुकी मासळी, मिरच्या, आमसुलं, मीठ, आणि जूनपासून नारळीपौर्णिमेपर्यंत निश्चिंत. आमचं पुरुमेंत म्हणजे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेले चार खारे बांगडे. पावसात टायकिळा, कुर्डू, रानातलं अळू. टायकिळ्याची भाजी हल्ली पणजीतल्या हॉटेलात 'पारंपरिक' म्हणून मिळते. मी ती खात नाही. चव चांगली असते, पण लहानपणी तिच्यासोबत भात नसायचा.

रोख पैसा यायचा तो मुंबईहून. मुंबईत धोबीतलाव, माझगाव भागांत बार्देश-सासष्टीतल्या ख्रिस्ती गावांच्या कुडी होत्या. जहाजावर चढायची वाट बघणारा तारवटी तिथे गावच्या माणसांत ट्रंक टेकून राही. आमच्यासारख्या हिंदू घरांतली माणसं गिरगावात खानावळीत, दुकानात, कुणाच्या घरी कामाला. आमचे थोरले काका गिरगावात वाढपी होते. दर महिन्याची त्यांची मनीऑर्डर म्हणजे पावसाळ्यातला तांदूळ. गोव्यातल्या कष्टकरी घराची एक भिंत अशी मुंबईत उभी होती, आणि १९५५ साली ती पडली. त्या वर्षी १५ ऑगस्टला गोव्याच्या मुक्तीसाठी आलेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी सरहद्दीवर गोळीबार केला. भारताने सरहद्द बंद केली, नाकेबंदी केली, पैसे पाठवणंही थांबवलं. राजकारण म्हणून ते बरोबर होतं, असं मला आजही वाटतं. आईचं माहेर दोडामार्गला, जेमतेम दिवसभराची चाल, पण मधे ती सरहद्द. पहिल्या बाळंतपणाला तिला जाता आलं नाही. ते बाळ राहिलं नाही. मी त्यानंतरचा.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने नाकेबंदीला उत्तर म्हणून जगभरातून माल आणला. हॉलंडचे बटाटे, पाकिस्तानचा तांदूळ, जपानचं सिमेंट. डिचोलीच्या बाजारात हॉलंडचा बटाटा बघून आल्याचं वडील सांगत. पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत पैसाही बदलला. रुपिया जाऊन एस्कुदो आला, एका रुपियेला सहा एस्कुदो. आजीने एस्कुदो कधी मोजला नाही. ती भातातच मोजायची.

याच काळात आमच्या डोंगरात लाल माती खणायला सुरुवात झाली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला पोलादासाठी खनिज हवं होतं आणि डिचोली, सत्तरी, सांगे भागांत ते वरवर पसरलेलं. वडील खाणीवर लागले. सुरुवातीला यंत्रं कमीच. पुरुष पहारीने फोडत, बायका डोकीवर पाट्या वाहत, ट्रक धक्क्यावर नेत आणि तिथून बार्जीने मुरगावला. रोजंदारी, आठवड्याला हातात. घरात पहिला टॉर्च, पहिला छत्रीचा जोड आणि आईचं पहिलं लुगडं न फाडता नेसलेलं, हे सगळं खाणीचं. पण पावसाळ्यात आग्वादजवळ मांडवीच्या मुखाशी बार्जी चालत नाहीत, म्हणून खाण बंद. कणगी रिकामी, खाण बंद, नदी पिसाळलेली, असे ते तीन महिने. दिढीचं भात नेमकं तेव्हाच काढावं लागे. कष्टकऱ्याच्या घरात सगळ्या अडचणी एकाच महिन्यात का येतात, याचं कारण दैव नसतं. ते बंदराचं वेळापत्रक असतं.

१९६१ च्या १९ डिसेंबरला पोर्तुगीज गेले. मी तेव्हा साडेतीन वर्षांचा. दोन वर्षांनी, १९६३ च्या डिसेंबरात, निवडणूक झाली आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. लोक त्यांना भाऊसाहेब म्हणत. स्वतः खाणमालक, पण मतं मिळाली ती कुळांची आणि मुंडकारांची. 'कसेल त्याची जमीन, राहील त्याचं घर' ही घोषणा आमच्या अंगणात पोरं खेळताना म्हणायची. १९६४ साली कूळ कायदा आला. भाटकाराला खंड म्हणून जास्तीत जास्त उत्पन्नाचा सहावा हिस्सा. अर्ध्यावरून सहाव्यावर. बारा खंडीतले सहा जायचे तिथे आता दोन.

कायदा छापला म्हणून खळ्यावरचं माप बदलत नाही. पहिल्या वर्षी आजोबांनी अर्धंच दिलं. दुसऱ्या वर्षीही. घर भाटकाराच्या भाटात होतं, आणि शेताचा कायदा आला तरी घराचा अजून यायचा होता. सहावा हिस्सा मोजायचा आणि रात्री झोपायचं कुठे? तिसऱ्या वर्षी गावातली दहा-बारा कुळं एकत्र बसली आणि ठरलं की सगळ्यांनी एकाच दिवशी मळणी काढायची. त्या दिवशी आजोबांनी स्वतः कुडव हातात घेतला. दोन खंडी मोजल्या, आणि उरलेल्या दहावर पेंढा टाकून त्यावर बसले. भाटकाराच्या माणसाने शिवी दिली नाही, भांडला नाही. दोन खंडी होडीत घातल्या आणि पावती न देता गेला. तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढे तलाठी झाल्यावर मला कळलं की त्या संध्याकाळी सर्वांत मोठं नुकसान त्या न दिलेल्या पावतीचं होतं.

त्या साली कणगी मृगापर्यंत पुरली. मी तोवर नऊ वर्षांचा, कणगीत मावत नव्हतो. धाकटा भाऊ उतरला. बाहेर पहिल्या पावसाचा वास सुटलेला आणि तो आतून ओरडला, तळ दिसला. आजी हसली. तळ दिसला म्हणून हसलेली मी तिला तेवढीच एकदा पाहिली. शिगम्यापासून मृगापर्यंत तीन महिने. कायद्याने आमच्या घराला दिलं ते एवढंच, आणि त्या तीन महिन्यांच्या जोरावर मी शाळेत टिकलो. भाऊसाहेबांनी गावोगाव मराठी शाळा काढल्या होत्या. आमची चौथीपर्यंतची शाळा देवळाच्या अग्रशाळेत भरायची. पण शाळा असणं वेगळं आणि चैत्र-वैशाखात पोराला गुरांमागे न पाठवता शाळेत ठेवणं परवडणं वेगळं. माझ्या बरोबरीच्या ज्या पोरांचे बाप कूळ नव्हते, नुसते मजूर होते, ती चौथीनंतर दिसली नाहीत. कूळ कायद्याचं गुणगान करताना हे विसरलं जातं. ज्याच्या नावे कसायलाही काही नव्हतं, त्याला सहावा काय आणि अर्धा काय.

भाऊसाहेब १९७३ च्या ऑगस्टात गेले. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना दोन गोष्टी झाल्या. १९७५ चा मुंडकार कायदा १२ मार्च १९७६ पासून लागू झाला, आणि त्याच वर्षी कूळ कायद्यात पाचवी दुरुस्ती होऊन २० एप्रिल १९७६ या दिवसापासून कूळ हाच मालक मानला गेला. आमच्या घरी एप्रिलपेक्षा मार्चची आठवण जास्त.

त्याचं कारण नळे. आमचं घर मातीच्या भिंतींचं, वर माडाच्या चुडतांचं छप्पर. दर वर्षी मे महिन्यात चुडतं विणून शाकारायचं. खाणीच्या पैशातून वडिलांनी मंगळुरी नळे, म्हणजे कौलं, घालायचं ठरवलं आणि परवानगी मागायला गेले. भाटकार नको म्हणाला. नळ्यांचं घर पक्कं दिसतं, आणि पक्क्या घरातला मुंडकार उठत नाही. चुडतांचं छप्पर हीच आमची भाडेपावती होती असं म्हणा. आईने एकदा भिंतीला खिडकी पाडायचं मनात आणलं, तेही जमलं नाही. चुलीचा धूर छपरातूनच जायचा. खोकत म्हातारी झालेली बाई आमच्या वाड्यावर दर घरात एक होती.

मुंडकार कायद्याने घराबाहेर काढण्याला बंदी आली आणि घर व भोवतालची जागा विकत घ्यायची वाट उघडली, गावात ३०० चौरस मीटर. वडिलांनी त्याच मे महिन्यात, कुणाला न विचारता, नळे आणले. होडीने आले. मी तेव्हा अठरा वर्षांचा. नळे उतरवताना वडील एकेक वाजवून बघत होते, मडकं वाजवतात तसे. जागा प्रत्यक्ष नावावर व्हायला पुढे बरीच वर्षं गेली, अर्ज, पाहणी, मोजणी, हरकती. पण खिडकी त्याच आठवड्यात झाली. अर्थशास्त्रात खिडकीची नोंद कुठल्या सदरात होते मला ठाऊक नाही. आईचा खोकला त्या पावसाळ्यात कमी झाला.

आता कागदाकडे येतो, कारण माझं आयुष्य त्यात गेलं. गोव्यात जमिनीचा उतारा म्हणजे फॉर्म एक-चौदा. महाराष्ट्रात सातबारा तसा आमच्याकडे एक-चौदा. सत्तरच्या दशकात गावोगाव सर्वे झाला, आणि त्या उताऱ्यात कुळाच्या रकान्यात ज्याचं नाव चढलं तो तरला. सर्वेवाले शेताच्या बांधावर उभे राहून विचारत, कसतो कोण? आमच्या आजोबांनी नाव सांगितलं. शेजारच्या शेताचं कूळ त्या दिवशी भाटकाराच्या घरी होतं. मुलीच्या लग्नाला पैसे हवे होते, बोलणं चाललं होतं, अशा दिवशी शेतात उभं राहून 'मी कूळ' म्हणणं त्याला बरं वाटलं नाही. रकाना कोरा राहिला. भीड ही आमच्या मुलखातली सर्वांत महाग वस्तू. त्याची नातवंडं पुढे माझ्याकडे तलाठी म्हणून येत आणि मी विचारी, खंडाची पावती आहे का? पावत्या तर १९६४ नंतर मिळणंच बंद झालेलं. माझे आजोबा आणि त्यांचे आजोबा एकाच चिखलात पाय रोवून उभे होते हे मला ठाऊक होतं. पण माझं ठाऊक असणं पुराव्यात धरत नाहीत.

आणखी एक सांगून टाकतो. त्या रकान्यात बाईचं नाव मी फार थोड्या वेळा पाहिलं. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने नवराबायकोची मिळकत सामायिक मानली आहे आणि त्याचं कौतुक देशभर होतं. पण लावणी, बेणणी, कापणी करणारी माझी आजी उताऱ्यावर कुठेच नाही. तिचं नाव सरकारी कागदावर आलं ते मतदारयादीत आणि मृत्यूच्या दाखल्यावर.

खटले चालत राहिले. मामलेदाराच्या कचेरीत तारखा पडत, कूळ मरे, वारस लागत. २०१४ साली दुरुस्ती करून ही प्रकरणं दिवाणी न्यायालयात नेली, तेव्हा माणसं रस्त्यावर उतरली. वकिलाची फी आणि दिवसाची मजुरी यांचा हिशेब त्यांनी केला होता. शेजारच्या मये गावाची गोष्ट तर निराळीच. तिथला जमीनदार पोर्तुगालला गेला आणि अख्खी जमीन स्थलांतरिताची मालमत्ता म्हणून सरकारच्या ताब्यात गेली. मुक्तीनंतर पन्नास वर्षं मयेकर आपल्याच घरात सरकारचे पाहुणे. त्यांच्यासाठी कायदा व्हायला २०१४ उजाडलं.

इतकं झाल्यावर आमच्या शेतात आज काय पिकतं, असं कुणी विचारेल. काही नाही.

याला कूळ कायदा जबाबदार आहे असं भाटकारांची नातवंडं म्हणतात, आणि मला ते म्हणणं ऐकवत नाही, पण त्यात थोडं खरं आहे. कायद्याने शेत घराघराला दिलं. खाजन मात्र कधीच एका घराचं नव्हतं. ते बांधाचं होतं. गावकरी मोडकळीला आली तसं बांधाचं काम कुळांच्या संघांवर आलं. संघाला पैसा मिळे तो मानशीच्या मासळीच्या लिलावातून. मासळी जास्त हवी तर खारं पाणी जास्त आत हवं. ठेकेदार झडपा उघड्या ठेवू लागले. ज्यांनी अडवायचं त्यांच्या घरात एव्हाना खाणीचा पगार होता, त्यामुळे कुणी अडवलं नाही. आजीने चोरलेल्या सुंगटांचा असा सूड निघाला.

त्यात बार्जी. लाकडी होत्या तेव्हा ठीक. पुढे लोखंडी मोठ्या आल्या, दिवसरात्र चालू लागल्या. बार्ज गेली की लाट येऊन बांधावर आपटते, आणि दिवसाला शेकडो लाटा. चिखलाचा बांध तो, किती सोसेल? २००० नंतर चीनने हलक्या प्रतीचं खनिजही उचलायला सुरुवात केली. त्या दशकाच्या शेवटी मुरगावहून वर्षाला ५ कोटी टनांच्या आसपास खनिज जात होतं. धाकट्या भावाने कर्ज काढून ट्रक घेतला. आमच्या अंगणात, जिथे खळं होतं तिथे, ट्रक उभा राही. दिवसाच्या खेपांवर हप्ता फिटे आणि वर चांगलं उरे. पोरं इंग्रजी शाळेत गेली, घराला स्लॅब आला. मी त्याला बांधाबद्दल बोललो तर तो म्हणाला, "दादा, तुझा पगार पहिल्या तारखेला होतो." मी गप्प बसलो. २०१० च्या पावसाळ्यात आमच्या बाजूचा बांध फुटला. दुरुस्तीसाठी सह्या गोळा करायला मीच फिरलो. निम्म्या घरांत पुरुष ट्रकवर होते.

२०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. बेकायदा उत्खनन झालं होतं, थांबवणं भाग होतं. ट्रक अंगणातच गंजला. २०१४ साली वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली. ट्रकला रंग काढला. मग ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीझ रद्द झाल्या आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळं बंद. त्याच वसंतात मी निवृत्त झालो. माझ्या निरोपसमारंभाला भाऊ आला नाही, ट्रक बघायला गिऱ्हाईक यायचं होतं. भंगाराच्या भावात गेला.

आज घर चालतं ते असं. आईला दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला २,००० रुपये येतात. भाऊसाहेबांचं नाव त्या योजनेला आहे म्हणून ती पैसे हातात घेतल्यावर कपाळाला लावते. भावजयीला गृह आधारचे १,५०० येतात. माझी पेन्शन. आणि पुतण्या क्रूझ जहाजावर स्वयंपाकघरात आहे, आमच्या घरातला पहिला तारवटी. तो पाठवतो तो पैसा मोबाईलवर येतो, पण आई त्याला मनीऑर्डरच म्हणते. २०२० साली जहाजं थांबली तेव्हा तो कितीतरी आठवडे समुद्रावर अडकला होता. सरहद्द बंद झाल्यावर पैसा थांबतो हे आईने दुसऱ्यांदा पाहिलं. उपाशी कुणी नाही. तांदूळ सोसायटीच्या दुकानातून येतो, बारा महिने येतो, आणि तळ कधी दिसत नाही. मग आम्ही श्रीमंत झालो का? झालो. आजीच्या मापाने नक्की झालो. फक्त त्या तांदळातला एकही दाणा आमच्या हातचा नाही, आणि जो पैसा तो दाणा आणतो तो लिस्बन, टोकियो, बीजिंग नाहीतर मायामी, असा कुठूनतरी दूरवरच्या मर्जीने आलेला असतो. छोट्या राज्याचं असंच असतं, असं मोठ्या राज्यातली माणसं मला सांगतात.

कणगी माळ्यावर आहे. वाळवीने एक बाजू खाल्ली.

गेल्या पावसाळ्याआधी मी आमचा एक-चौदा पुन्हा काढला. मालकाच्या रकान्यात आजोबांचं नाव अजून तसंच आहे. दुसऱ्यांच्या हजारो नोंदी करणाऱ्या तलाठ्याने घरची वारसनोंद केलेली नाही, आणि हे मी लाजून लिहितो. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या नावावर असा उतारा असेल, त्यांनी तो या आठवड्यात काढून बघावा आणि वारसांची नावं चढवून घ्यावीत, बायकांचीसुद्धा. उताऱ्यात जमिनीच्या प्रकारांचे रकाने असतात : जिरायत, बागायत, राइस, खाजन, केर, मोरड. आमच्या शेतात आज भरतीला कमरेइतकं पाणी असतं आणि कांदळवन उगवलं आहे. 'खाजन'च्या रकान्यात क्षेत्रफळ १९७० च्या दशकात लिहिलं होतं तेवढंच आहे.